सपाट चमच्याचा नियम : फॅनी फार्मर यांचे जीवनकार्य

धान्य मापताना पायली शिगोशीग भरायची की वर हात फिरवून शीग उतरवायची, यावरून आपल्या बाजारपेठांत पिढ्यान्‌पिढ्या वाद झाले. मापात पाप हा शब्दप्रयोगही त्याच वादातून रुळला. स्वयंपाकघरात मात्र हा वाद फारसा शिरला नाही. तेथे मापापेक्षा अंदाजाचे राज्य होते. मूठभर, चिमूटभर, बोटाचे पेर बुडेल इतके पाणी, पीठ मागेल तितके तूप, या भाषेत आई मुलीला आणि सासू सुनेला शिकवीत आली. एकोणिसाव्या शतकातील अमेरिकन गृहिणीची भाषाही याहून फार वेगळी नव्हती. अंड्याएवढे लोणी, चहाचा पेला भरून साखर, चांगला भरलेला चमचा पीठ, असेच तिच्या पाककृतींत लिहिलेले असे. ज्या घरात शिकवणारी अनुभवी बाई होती तेथे या भाषेने काही अडत नसे. जेथे ती नव्हती तेथे मात्र पुस्तक हातात असूनही पदार्थ बिघडत असे. स्वयंपाकाचे ज्ञान एका हातातून दुसऱ्या हातात न बिघडता जावे, यासाठी बोस्टनच्या एका स्त्रीने उभे आयुष्य वेचले. तिचे नाव फॅनी मेरिट फार्मर.

फॅनीचा जन्म २३ मार्च १८५७ रोजी बोस्टन येथे झाला. वडील जॉन फ्रँकलिन फार्मर हे व्यवसायाने मुद्रक होते. चार मुलींत फॅनी थोरली. बोस्टनजवळच्या मेडफर्ड गावी तिचे बालपण गेले. घरची सांपत्तिक स्थिती बेताची असली तरी विद्येची ओढ मोठी होती. मुलींनाही उच्च शिक्षण मिळावे असे मानणारे ते कुटुंब होते आणि थोरल्या मुलीने महाविद्यालयात जावे अशी आईवडिलांची इच्छा होती.

ही इच्छा पुरी व्हायची नव्हती. मेडफर्डच्या शाळेत शिकत असताना, वयाच्या सोळाव्या वर्षी, फॅनीला पक्षाघाताचा झटका आला. काही चरित्रकारांच्या मते तो पोलिओ असावा. पुढची काही वर्षे तिला चालता येत नव्हते. शाळा सुटली, महाविद्यालयाचा विचार मागे पडला. कालांतराने ती पुन्हा चालू लागली, पण पायातील लंगडेपण जन्मभर राहिले. पुस्तकी शिक्षणाचा मार्ग बंद झालेल्या या मुलीने आपले लक्ष घरच्या स्वयंपाकाकडे वळवले. आईवडिलांच्या घरी पैसे देऊन राहणारे व जेवणारे लोक ठेवण्यात आले आणि तेथील जेवणाचा लौकिक वाढत गेला.

पुढे अर्थार्जनासाठी तिने शॉ नावाच्या एका सधन कुटुंबात मदतनीस म्हणून काम पत्करले. फॅनीच्या हातचे पदार्थ आणि कामातील नेटकेपणा पाहून त्या घरच्या मालकीणबाईंनी तिला पाकशास्त्राचे रीतसर शिक्षण घेण्याचा आग्रह केला. त्या वेळी तिचे वय तिशीच्या आसपास होते. इतरांचे शिक्षण ज्या वयात केव्हाच आटोपलेले असते, त्या वयात फॅनीने ‘बोस्टन कुकिंग स्कूल’मध्ये विद्यार्थिनी म्हणून प्रवेश घेतला.

त्या काळचे बोस्टन हे स्त्रियांच्या संस्थात्मक कार्याचे मोठे केंद्र होते. स्त्रियांच्या मंडळ्या, शिक्षणसंस्था, मदतनिधी यांचे तेथे जाळे पसरले होते. मराठी वाचकांना हे शहर आणखी एका नात्याने ओळखीचे आहे. पंडिता रमाबाईंच्या कार्याला साहाय्य करण्यासाठी ‘रमाबाई असोसिएशन’ याच बोस्टनमध्ये डिसेंबर १८८७ मध्ये स्थापन झाली आणि तिच्या मदतीतून १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन उभे राहिले. बोस्टन कुकिंग स्कूल हीसुद्धा स्त्रियांनीच काढलेली संस्था. तेथील ‘विमेन्स एज्युकेशन असोसिएशन’ने १८७९ मध्ये ती सुरू केली. स्वयंपाक करून किंवा स्वयंपाक शिकवून स्त्रियांना पोट भरता यावे, हा तिचा हेतू. स्वयंपाक हा नुसता घरगुती धर्म न मानता शिकता व शिकवता येणारा विषय मानावा, ही कल्पना तेव्हा नवी होती. अन्नातील घटक, पचन, आरोग्य, स्वच्छता या गोष्टी तेथे पाककृतींबरोबरच शिकवल्या जात.

१८८९ मध्ये शिक्षण पुरे होताच फार्मरबाईंना त्याच शाळेत साहाय्यक म्हणून ठेवून घेण्यात आले. अवघ्या दोन वर्षांत, १८९१ मध्ये, त्या शाळेच्या प्राचार्या झाल्या. ज्या मुलीला आजारपणाने शाळेतून उठवले होते, ती आता एका नामांकित शाळेची प्रमुख झाली होती.

या शाळेच्या आरंभीच्या प्रमुख अध्यापिका मेरी लिंकन यांनी १८८४ मध्ये एक पाकपुस्तक प्रसिद्ध केले होते. मापांचे महत्त्व त्यांनीही ओळखले होते आणि आपल्या पुस्तकात मापांची कोष्टके दिली होती. म्हणून स्वयंपाकातील माप फार्मरबाईंनी शोधून काढले असे म्हणणे बरोबर ठरणार नाही. फरक होता तो शिगेचा. लिंकनबाईंच्या पद्धतीत कोरड्या जिनसांचा चमचा गोलाईने भरायचा असे. चमचा खाली जितका खोल, तितकीच गोलाई वर यायला हवी. याशिवाय शिगोशीग भरलेला चमचा वेगळा आणि किंचित कमी भरलेला चमचा वेगळा. गोलाई नेमकी किती हे शेवटी डोळ्यांवरच सोपवलेले होते. दोन बायकांचे डोळे सारखे नसतात आणि एकाच बाईचा हातही रोज सारखा चालत नाही. फार्मरबाईंनी या साऱ्या गोलाया काढून टाकल्या. कप म्हणजे सपाट कप, चमचा म्हणजे सपाट चमचा, असा एकच नियम त्यांनी ठेवला.

ज्या पुस्तकातून हा नियम घरोघर पोहोचला, ते ‘द बोस्टन कुकिंग स्कूल कुक बुक’ १८९६ मध्ये प्रसिद्ध झाले. बोस्टनच्या ‘लिटल, ब्राउन अँड कंपनी’ या प्रकाशनसंस्थेला त्याच्या खपाची खात्री वाटत नव्हती. पाकपुस्तके बाजारात पुष्कळ होती. तेव्हा पहिल्या आवृत्तीच्या ३००० प्रती छापायच्या आणि खर्च लेखिकेने सोसायचा, असे ठरले. फार्मरबाईंनी ही अट मान्य केली. खर्च आपला, तसा हक्क आणि नफाही आपला, हा व्यवहार पुढे त्यांच्या पथ्यावर पडला. पुस्तकाचा खप इतका वाढला की ज्या अटीत प्रकाशकाने आपली सुरक्षितता पाहिली होती, तीच लेखिकेच्या स्वावलंबनाचा पाया ठरली.

अठराशेहून अधिक पाककृती असलेल्या या ग्रंथात मापनाची कृतीही एखाद्या पाककृतीइतक्याच काळजीने सांगितली आहे. पीठ मोजण्याआधी चाळून घ्यावे. मग ते चमच्याने कपात अलगद टाकून कप किंचित वर येईल इतका भरावा आणि सुरीच्या पात्याने वरचे पीठ उतरवून सपाट करावा. कप आपटू किंवा हलवू नये, कारण हलवला की पीठ दबते आणि त्याच कपात जास्त मावते. लोणी मात्र उलट रीतीने, दाबून व पोकळी न ठेवता भरावे आणि मग सपाट करावे. अर्धा चमचा हवा असेल तर सपाट चमचाभर जिन्नस सुरीने लांबीच्या दिशेने मधोमध विभागावा. पाव चमचा हवा असेल तर त्या अर्ध्याचे आडवे दोन भाग करावेत. चिमटीच्या मापालाही त्यांनी मर्यादा घालून दिली. काही कण टाकावेत असे जेथे म्हटले असेल तेथे ते चमच्याच्या आठव्या भागाहून कमी समजावेत.

यानंतर येते ते परस्परमापांचे कोष्टक. ३ लहान चमचे म्हणजे १ मोठा चमचा. १६ मोठे चमचे म्हणजे १ कप. कप म्हणजे अर्धा पिंट. तेव्हा २ कपांचा १ पिंट, २ पिंटांचा १ क्वार्ट आणि ४ क्वार्टांचा १ गॅलन. एकदा ही साखळी पक्की झाली की उरते ते केवळ अंकगणित. पाव कपाचे निम्मे हवे असेल तर २ मोठे चमचे. एकतृतीयांश कपासाठी वेगळे भांडे नसेल तर ५ मोठे चमचे आणि १ लहान चमचा. बारा माणसांची कृती चौघांसाठी करायची असेल तर प्रत्येक मापाचा तिसरा हिस्सा कसा काढायचा, हे अंदाजावर सोडावे लागत नाही.

ही साखळी मराठी वाचकाला परकी वाटू नये. २ चिपटी म्हणजे १ मापटे, २ मापटी म्हणजे १ शेर आणि ४ शेर म्हणजे १ पायली, हे कोष्टक आपल्या पूर्वजांना तोंडपाठ होते. मोजपट्टी किंवा तराजू हाताशी नसताना दुप्पट आणि निम्मे करणे सर्वांत सोपे असते, म्हणून जगातील अनेक जुनी मापे दोनाच्या पटीतच वाढत गेली. अडचण साखळीत नव्हती, तिच्या मुळाशी असलेल्या भांड्यात होती. शेराचे माप प्रांतोप्रांती बदलत असे. बोस्टनच्या घरांतही चहाचा पेला, कॉफीचा पेला, वाइनचा पेला अशी नाना मापे होती आणि दोन घरांतील पेले सारखे असत असे नाही. कप हे भांड्याचे नाव न राहता ठरावीक आकारमानाचे नाव व्हावे, यासाठी अर्ध्या पिंटाचे, बाजूला पाव व तिसऱ्या हिश्शाच्या खुणा असलेले मापाचे कप वापरण्यावर फार्मरबाईंचा भर होता.

त्यांच्या कोष्टकाचा आणखी एक भाग आजही प्रत्येक गृहिणीने ध्यानात ठेवण्याजोगा आहे. त्यात १ पौंड वजन भरण्यासाठी कोणत्या जिनसाचे किती कप लागतात हे दिले आहे. साखरेचे २ कप, दाबून भरलेल्या लोण्याचे २ कप, पण केकसाठी वापरल्या जाणाऱ्या चाळलेल्या पिठाचे ४ कप. याचा अर्थ एकाच कपात साखर जितकी भरते, त्याच्या निम्मे पीठ भरते. आजच्या हिशेबाने कपभर साखर सुमारे २२७ ग्रॅम आणि कपभर चाळलेले पीठ सुमारे ११३ ग्रॅम. चमच्याचे कपात रूपांतर करताना जिन्नस कोणता हे पाहावे लागत नाही. कपाचे ग्रॅममध्ये रूपांतर करताना मात्र तो पाहिल्यावाचून गत्यंतर नाही. कपाचे इतके ग्रॅम असा एकच आकडा सर्व जिनसांना लावणारा हमखास फसतो.

या काटेकोरपणाची गरज काय, असा प्रश्न तेव्हाही विचारला जात असे. भाजीत मीठ कमी पडले तर वरून घालता येते आणि आमटी दाट झाली तर पाणी ओतता येते. भट्टीत भाजायच्या पदार्थांची गोष्ट वेगळी. केक एकदा भट्टीत गेला की दुरुस्तीची संधी संपते. खाण्याचा सोडा आणि आंबट ताक, किंवा बेकिंग पावडर, यांच्या रासायनिक क्रियेवर केकचे फुगणे अवलंबून असते. सोडा जास्त झाला तर साबणासारखी चव येते, फुगवणारा घटक कमी पडला तर केक बसतो. गोल भरलेला चमचा आणि सपाट चमचा यांत जवळजवळ दुपटीचे अंतर पडते आणि सोड्याच्या बाबतीत ते फार महागात जाते. जिच्या हाताला वर्षानुवर्षांची सवय आहे ती हे सांभाळून घेई. नव्याने संसार मांडलेली, माहेरापासून दूर गेलेली किंवा लहानपणीच आई गमावलेली मुलगी ते सांभाळणार कशी? फार्मरबाईंचा सपाट चमचा होता तो अशा मुलीसाठी.

त्यांना कोरड्या शिस्तीची बाई समजणे मात्र अन्यायाचे होईल. खाण्याची त्यांना मनापासून आवड होती. त्यांच्या पुस्तकात रोजच्या साध्या पदार्थांबरोबर मेजवानीचे थाटाचे पदार्थही भरपूर आहेत. माप त्यांच्या लेखी चवीचे वैरी नव्हते. एकदा जमलेली चव पुन्हा हमखास जमावी, एवढ्यासाठीच ते हवे होते.

१९०२ मध्ये त्यांनी बोस्टन कुकिंग स्कूल सोडले आणि ‘मिस फार्मर्स स्कूल ऑफ कुकरी’ ही स्वतःची शाळा काढली. जुन्या शाळेचा कल स्वयंपाक शिकवणाऱ्या अध्यापिका तयार करण्याकडे होता. नव्या शाळेत गृहिणी आणि परिचारिका यांना प्रत्यक्ष स्वयंपाकाचे शिक्षण देण्यावर भर होता. त्यांच्या जाहीर प्रात्यक्षिकांना गर्दी होई. त्यांच्या व्याख्यानांचे वृत्तान्त बोस्टनच्या वृत्तपत्रात छापले जात आणि तेथून दूरदूरच्या घरांत पोहोचत. धाकटी बहीण कोरा हिच्यासह त्या ‘विमेन्स होम कम्पॅनियन’ या मासिकात जवळपास दहा वर्षे सदर लिहीत होत्या.

त्यांच्या स्वतःच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे काम मात्र वेगळेच होते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला अन्नाची काय किंमत असते, हे त्यांनी कोवळ्या वयात अनुभवले होते. १९०४ मध्ये त्यांनी रुग्ण व आजारातून उठणारी माणसे यांच्या आहारावर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात मधुमेहींसाठी खास पाककृती होत्या. तेव्हा इन्सुलिनचा शोध लागायला सतरा वर्षांचा अवकाश होता. आहारावर नियंत्रण ठेवणे हाच मधुमेहावरचा मुख्य इलाज होता. अशा रुग्णाच्या ताटात पिठाचा किंवा साखरेचा चमचा गोल की सपाट, हा प्रश्न चवीपुरता उरत नाही. त्यांनी परिचारिकांना रुग्णांचा आहार शिकवला आणि हार्वर्डच्या वैद्यकीय विद्यालयातही या विषयावर व्याख्याने दिली. आजारपणामुळे शाळा अर्धवट सुटलेली स्त्री भावी डॉक्टरांना आजाऱ्याचे अन्न समजावून सांगत होती.

आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत पक्षाघाताने त्यांना पुन्हा गाठले. चाकांच्या खुर्चीचा आधार घ्यावा लागला, पण व्याख्याने थांबली नाहीत. शेवटचे व्याख्यान त्यांनी मृत्यूच्या अवघे दहा दिवस आधी दिले. १५ जानेवारी १९१५ रोजी, वयाच्या ५७व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. प्रकाशकाने साशंक मनाने ३००० प्रती छापलेल्या त्यांच्या पुस्तकाच्या तोपर्यंत साडेतीन लाखांहून अधिक प्रती खपल्या होत्या. त्यांची शाळा पुढे १९४४ पर्यंत चालली. पुस्तकाच्या सुधारित आवृत्त्या विसाव्या शतकभर निघत राहिल्या आणि पुढे ते त्यांच्याच नावाने ओळखले जाऊ लागले.

त्यांच्या पद्धतीला मर्यादा होत्या. पीठ चाळलेले की न चाळलेले, दाबलेले की मोकळे, यानुसार सपाट कपातील वजनही बदलते. म्हणूनच युरोपातील घरांनी तराजू सोडला नाही आणि आजही व्यावसायिक बेकरीत जिन्नस तोलूनच घेतात. शिवाय कप हे नाव सर्वत्र तेच असले तरी माप तेच नाही. फार्मरबाईंचा अमेरिकन कप सुमारे २३७ मिलिलिटरचा, ऑस्ट्रेलियातील कप २५० मिलिलिटरचा, तर जपानमधील २०० मिलिलिटरचा. ब्रिटिश पिंट ५६८ मिलिलिटरचा असल्याने त्याचा अर्धा भाग २८४ मिलिलिटर भरतो. मोठा चमचा बहुतेक देशांत १५ मिलिलिटरचा, ऑस्ट्रेलियात मात्र २० मिलिलिटरचा. परदेशातील पाककृती हाती घेण्याआधी ती कोणत्या देशाची आहे हे पाहण्याची काळजी म्हणूनच घ्यावी लागते.

भारतात १९५६ च्या कायद्याने दशमान पद्धत आली आणि शेर, पायली, मण ही मापे व्यवहारातून हळूहळू मागे पडली. गोव्यातील कुडव आणि खंडीही जुन्या माणसांच्या बोलण्यात उरली. स्वयंपाकघराने मात्र ग्रॅम आणि मिलिलिटर पूर्णपणे स्वीकारले नाहीत. १९७० मध्ये आलेल्या कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने वाटी आणि चमचा ही घरातलीच मापे धरून हजारो नवख्या मुलींना स्वयंपाकाला उभे केले. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद, बेळगाव अशा ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या नांदणाऱ्या मराठी घरांतही आजीच्या पदार्थांची मापे अजून वाटीतच सांगितली जातात. वाटी कोणती, ती सपाट की शिगेची, एवढे दोन शब्द त्या कृतीशेजारी लिहून ठेवले, तर आजीच्या माघारीही तो पदार्थ नातीच्या हाताला तसाच उतरेल. फॅनी फार्मर यांचे सारे सांगणे या दोन शब्दांपुरतेच होते.